एकोणतीस वर्षांचा मुक्काम

शैलजा मगदूम निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण इचलकरंजीत त्यांना अजून सगळे शैलासिस्टरच म्हणत. मंडईत भाजी घेताना एखादा टक्कल पडलेला गृहस्थ थांबायचा, "सिस्टर, ओळखलंत का? शाळेत तुम्ही सुई टोचलेली मला," म्हणायचा आणि दंड चोळून दाखवायचा. तेहतीस वर्षं त्यांनी या गावाचे बोळ तुडवले होते. कुठल्या घराला मागून दार आहे, कुठली सासू सुनेला दवाखान्यात पाठवत नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. म्हणूनच दोन हजार त्रेचाळीस सालच्या फेब्रुवारीत पुण्याहून आलेल्या डॉ. रेहाना मुजावर यांना महापालिकेतल्या लोकांनी थेट सिस्टरांच्या घरी धाडलं.

डॉ. रेहाना पस्तिशीच्या, बारीक, भरभर बोलणाऱ्या. चहाला नको म्हणाल्या नाहीत, पण कप हातात येण्याआधीच त्यांनी जेवणाच्या टेबलावर पडदा उलगडला. पडद्यावर गावाचा नकाशा होता आणि त्याचा एक कोपरा लाल झाला होता.

"सिस्टर, गावच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडलाय."

सिस्टर हसल्याच. "मॅडम, पोलिओ संपला. आम्हीच संपवला की."

"मूळचा संपला. हा आपण थेंबांतून दिलेल्यातला आहे."

तोंडावाटे द्यायच्या थेंबांत पोलिओचा जिवंत विषाणू असायचा, अशक्त केलेला. तो बाळाच्या आतड्यात महिना-दीड महिना वाढायचा, शरीराला ओळख पटवायचा आणि निघून जायचा. त्याच्या जोरावरच तर हा रोग हटला. पण जिवंत गोष्ट ती; लाखात कुठेतरी वाढता वाढता ती आपली गेलेली ताकद परत मिळवायची. म्हणून मूळचा रोग संपल्यावर, आठ वर्षांपूर्वी, जगभर थेंब बंद झाले. आता बाळाच्या मांडीला नखाएवढी पट्टी चिकटवत. पट्टीवरच्या साखरेच्या बारीक सुया कातडीत विरघळत आणि त्यातून आत जात विषाणूची नुसती रिकामी टरफलं, ज्यांच्यात जीवच नाही. सिस्टरांनी नोकरीच्या शेवटच्या वर्षी अशा पट्ट्या लावल्या होत्या. पोर रडतसुद्धा नसे.

"विषाणूला घड्याळ असतं," रेहाना सांगत होत्या. "तो स्वतःची नक्कल काढताना चुका करतो. त्याच्या एका ठरावीक तुकड्यात वर्षाला साधारण आठ-नऊ अक्षरं बदलतात. मूळ थेंबातला विषाणू आपल्याकडे लिहून ठेवलेला आहे. दोन्ही शेजारी ठेवायचे, बदल मोजायचे. हा थेंब कोणीतरी एकोणतीस-तीस वर्षांपूर्वी घेतलाय. आणि हा दोन नंबरचा विषाणू आहे. तो तर दोन हजार सोळालाच थेंबांतून काढून टाकला होता."

"मग इतकी वर्षं राहिला कुठं हा?"

"माणसात. एकाच माणसात. काही जणांच्या शरीरात रोगाशी लढणारी प्रतिपिंडं तयारच होत नाहीत, जन्मापासून. त्यांच्या आतड्यातून विषाणूला हाकलणारं कोणी नसतं. बाहेरून प्रतिपिंडांच्या बाटल्या देतात त्यांना. त्या रक्तात राहतात, म्हणून त्यांचे हातपाय शाबूत राहतात. पण आतड्यात त्या पोचत नाहीत. तिथं तो सुखानं नांदतो. बदलत जातो. आणि दररोज संडासवाटे बाहेर पडतो. गावचं पाणी यंदा पहिल्यांदा तपासलं, म्हणून आत्ता कळलं."

सिस्टरांनी टेबलाची कड धरली होती.

"रुग्णालयांकडं यादी मागितलीय. पण रोग्याची माहिती अशी मिळत नाही, परवानगीला महिना तरी लागेल. तोवर गल्ल्या पिंजायच्या. तुमच्या ओळखीत आहे का कोणी असं? तिशीच्या आसपासचं, सारखं आजारी पडणारं?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "आठवत नाही कोणी."

त्या वेळी त्यांचा मुलगा श्रेणिक घराच्या मागच्या खोलीतल्या कारखान्यात, म्हणजे टेबल-खुर्ची आणि सोल्डरिंगच्या यंत्रासमोर, एका यंत्रमागाचं इलेक्ट्रॉनिक कार्ड दुरुस्त करत बसला होता. येत्या ऑगस्टला त्याला तीस पुरी होणार होती. दर तीन आठवड्यांनी तो मिरजेला जाऊन शिरेतून प्रतिपिंडांची बाटली लावून घ्यायचा.

*

श्रेणिक सहा महिन्यांचा असतानाची गोष्ट. एका रविवारी विणकरांच्या वस्तीत पोलिओचं बूथ होतं आणि दुपारपर्यंत एकही बाई पोराला घेऊन आली नव्हती. आदल्या दिवशी कोणाच्या तरी मोबाइलवर आलं होतं की डोस घेतलेलं बाळ कुठेतरी दगावलं. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या, पुढं कोणी येईना. शैलासिस्टर तडक घरी गेल्या, झोपेतून श्रेणिकला उचललं, वस्तीच्या मधोमध आणलं आणि सगळ्यांसमोर त्याच्या तोंडात दोन थेंब सोडले. "माझं एकुलतं एक आहे," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत एकशे बारा पोरांना डोस झाला होता.

श्रेणिकला जन्मल्याबरोबर दिलेला डोस होता, दीड महिन्याला दिलेला होता, आणखीही होते. नेमका कुठला आतड्यात राहिला हे कोणतंही घड्याळ सांगू शकणार नव्हतं. पण सिस्टरांच्या मनानं तोच धरला, वस्तीतला.

पुढं न्यूमोनिया सुरू झाले, कान वाहायला लागले, वजन वाढेना. आजाराचं नाव कळेपर्यंत पोरगा सात वर्षांचा झाला होता. त्याची शी कोणी पोलिओसाठी तपासली नाही. तपासायचं असतं हे सिस्टरांनाही कोणी सांगितलं नव्हतं. श्रेणिकचे वडील तो बारावीत असताना गेले. दोघांचं घर, दोघांची सवय. आणि आता कुठे, तिसाव्या वर्षी, आजार माहीत असूनही एका घरानं होकार दिला होता. जयसिंगपूरची तेजल, तिथल्या शाळेत गणित शिकवायची. साखरपुडा महिन्यावर आला होता.

सिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला रेहानांबरोबर बाहेर पडल्या. नाही म्हटलं असतं तर संशय आला असता, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

गटाराच्या चेंबरमध्ये, झाकणाच्या आतल्या बाजूला, जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र बसवायचं. दर सहा तासांनी ते घोटभर सांडपाणी ओढायचं, त्यातला विषाणू वाचायचं आणि कळवायचं. पूर्वी बाटल्या भरून प्रयोगशाळेत पाठवायच्या, आठवडे जायचे. या डब्यांमुळे ओघाच्या उलट दिशेनं चालत जाता यायचं: मुख्य गटार, मग फाटा, मग बोळ. पहिल्या दिवशी चार हजार घरं होती. तिसऱ्या दिवशी सहाशे राहिली.

"इथं फाटा फुटतो की नाही?" रेहाना विचारायच्या.

"फुटतो. तो जुना आहे, नकाशात नसेल." सिस्टरांच्या तोंडून खरंच निघून जायचं. तेहतीस वर्षांची जीभ होती ती.

चालता चालता त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सापडला तर काय करणार त्याचं?"

"औषध आहे. म्हणजे, व्हायच्या बेतात आहे. जगात असे लोक शंभरसुद्धा सापडलेले नाहीत, सिस्टर. शंभर माणसांच्या औषधामागं कोण लागतंय? लस सुधारायची, पट्टी स्वस्त करायची, पोरांपर्यंत पोचायचं, ते आधी. ते बरोबरच होतं. हे मागं मागं राहिलं. आता मात्र हेच शेवटचं उरलंय." त्यांनी दोन बोटं वर केली. "दोन गोळ्या आहेत, एकत्र द्यायच्या. यकृताला त्रास होऊ शकतो. आणि अर्धवट झालं तर विषाणू त्या औषधालाही दाद देईनासा होतो. म्हणून माणसाला महिनोन् महिने वेगळं ठेवावं लागतं."

"आणि तो नको म्हणाला तर?"

"तर नाही. कायद्यानं जबरदस्ती करता येत नाही."

चौथ्या दिवशी संध्याकाळी पडद्यावर चाळीस घरं राहिली. त्यात मगदूमांचं एक होतं.

*

"निर्मलामावशीकडं जाऊन ये चार-आठ दिवस," सिस्टर सकाळी श्रेणिकला म्हणाल्या. "तिच्याकडची वायरिंग जुनी झालीय म्हणे, सारखा फ्यूज जातो. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही ती."

"आत्ता? माझी सहा कार्डं पडलीत, आई."

"तिथं बसून कर की. आणि अर्हम सारखी आठवण काढतोय तुझी."

अर्हम म्हणजे निर्मलाचा नातू, अडीच वर्षांचा. श्रेणिकला त्याचं वेड होतं. तो हसला, सोल्डरिंगचं यंत्र पिशवीत घातलं आणि दुपारच्या गाडीनं गडहिंग्लजला गेला.

त्यानंतर बोळातला डबा गप्प झाला. सहा तासांनी नाही, बारा तासांनी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. रेहाना झाकणाशी उकिडव्या बसून पडद्याकडं बघत राहिल्या. "माणूस प्रवासाला गेलाय. इतकं जवळ आलो होतो."

"पाहुणा असेल कोणाकडचा," सिस्टर म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना ओळखीचा वाटला नाही.

आपण काय केलंय ते त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्या मनात हिशेब मांडायच्या: गडहिंग्लजला डबे नसतील. साखरपुडा होऊ दे. मग सांगू. मिरजेच्या डॉक्टरांशी आधी बोलू. मग सांगू. रोज सकाळी त्या रेहानांना घरातून धपाटी बांधून न्यायच्या आणि त्या पोरीनं मनापासून खाल्ली की आपली तशीच गुंडाळून ठेवायच्या.

श्रेणिक गेल्याच्या अकराव्या दिवशी दुपारी निर्मलाचा फोन आला.

"अक्का, इथं सरकारी माणसं आलीत. गटारात काहीतरी सापडलंय म्हणे. गल्लीतल्या सगळ्या पोरांची शी तपासली. अर्हमच्यात पोलिओ निघालाय गं!" निर्मला रडत होती. "पोरगं तर उड्या मारतंय. पाय बघितले, हात बघितले, सगळं ठीक आहे. पट्टी लावलीय आम्ही वेळेवर. मग कसा आला? तू ये. तुला कळतं यातलं."

त्याच संध्याकाळी त्या रेहानांच्या गाडीतून गडहिंग्लजला निघाल्या. वाटेत रेहानांनी फोडून सांगितलं. पट्टी मज्जातंतूंना वाचवते. अर्हमचे पाय लुळे पडणार नाहीत, नक्की. पण थेंबांनी जसा आतड्यातच पहारा बसायचा तसा पट्टीनं पुरता बसत नाही. विषाणू आत शिरतो, वाढतो, बाहेर पडतो आणि पोराला साधा तापही येत नाही. हे एक कोडं अजून सुटायचं होतं: आतड्यालाही शहाणं करील अशी, पण जिवंत विषाणू नसलेली लस. तिच्यावर काम चाललं होतं, दोन-तीन वर्षं तरी लागणार होती.

"भीती अर्हमची नाही, सिस्टर. त्या गल्लीच्या मागं ऊसतोडीला आलेल्यांची पालं आहेत. अकरा पोरं. एकालाही पट्टी लागलेली नाही."

गाडी संकेश्वरच्या पुढं आली होती. सिस्टर खिडकीतून बाहेर बघत होत्या. अकरा पोरांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण पोलिओ झालेलं पोर कसं दिसतं ते त्यांनी पाहिलं होतं, नोकरीच्या पहिल्या वर्षी, आईच्या कडेवर, एक पाय ओल्या फडक्यासारखा लोंबणारा.

"मॅडम, तो माझा मुलगा आहे," त्या म्हणाल्या.

रेहानांना आधी कळलंच नाही.

"ज्याला तुम्ही शोधताय तो. श्रेणिक. मीच त्याला गडहिंग्लजला धाडला. तुम्ही आलात त्या दिवसापासून मला माहीत होतं."

रेहानांनी गाडी कडेला घ्यायला सांगितली. खाली उतरून त्या रस्त्याच्या कडेला पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज थंड होता. "त्याला माहीत आहे?"

"नाही."

"मग आधी त्याला तुम्ही सांगायचं. मी नाही."

*

श्रेणिक गच्चीवर अर्हमला पाठीवर घेऊन घोडा झाला होता. आईला बघून तो थांबला, पोराला खाली उतरवलं आणि निर्मलाला हाक मारून त्याला नेऊ दिलं. आईच्या तोंडावरून त्याला काहीतरी कळलं होतं.

सिस्टरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. घड्याळ, दोन नंबर, डबे, वस्तीतला रविवार. काही सोडलं नाही. तो कठड्याला टेकून ऐकत होता. वस्तीतल्या थेंबांची गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. "मी माझ्या हातानं घातले रे तुझ्या तोंडात. सगळ्यांना दाखवायला."

"ते राहू दे," श्रेणिक म्हणाला.

"राहू दे कसं?"

"तुला तेव्हा काय माहीत होतं? कोणाला माहीत होतं?" तो हातांकडं बघत होता, ज्या हातांनी अकरा दिवस त्यानं अर्हमला भरवलं होतं. "पण अकरा दिवसांपूर्वी तुला माहीत होतं. तेव्हा तू मला इथं पाठवलंस. याच्याकडं."

सिस्टर एक पाऊल पुढं आल्या; तो बाजूला सरकला.

"मला सांगितलं असतंस तर मी घरातून हललो नसतो. एवढंही ओळखत नाहीस मला?"

तो खाली गेला. अंगणात रेहाना निर्मलाला काहीतरी समजावत होत्या. श्रेणिक त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मी श्रेणिक मगदूम. मला कुठं यायचंय ते सांगा. आत्ता निघतो."

आईचा निरोप न घेताच तो त्या गाडीतून गेला.

*

सिस्टर गडहिंग्लजलाच राहिल्या. निर्मलानं दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं, पण ताट वाढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याच्या पथकाबरोबर त्या पालांवर गेल्या. पथकात दोन तरुण पोरी होत्या, त्यांना पट्ट्या लावता येत होत्या. बायकांशी बोलता येत नव्हतं.

एका पालासमोर एक तरणी बाई भांडी घासत होती. नाव कविता. तिच्या दोन पोरांना पट्टी लागायची होती. तिनं राख लागलेले हात तसेच ठेवून विचारलं, "आमच्या पोरांना काय झालंय म्हणून लावायची? इतकी वर्सं कोणी आलं न्हाई. आता अचानक गाडीवर गाडी. कोणी आणला ह्यो रोग? आमचंच नाव घालताल."

पथकातली पोरगी घाईनं म्हणाली, "तसं नाही ताई, खबरदारी म्हणून..."

"माझ्या घरातून आला," सिस्टर म्हणाल्या.

कवितानं मान वर केली.

"माझ्या मुलाच्या पोटात होता. त्याला ठाऊक नव्हतं. मला कळलं, आणि तो पकडला जाऊ नये म्हणून मी त्याला इथं माझ्या बहिणीकडं पाठवला. त्या गल्लीचं पाणी तुमच्या ओढ्याला येतं. पोरांना हे पाणी पिऊ देऊ नका, आणि आज ही पट्टी लावून घ्या. मग मला काय बोलायचं ते बोला. मी इथंच बसते."

कवितानं हातातलं भांडं उपडं ठेवलं. मग पदराला हात पुसले आणि थोरल्याला हाक मारली. पट्ट्या लागून झाल्यावर ती बोलली. पुष्कळ बोलली. सिस्टर ऐकून घेत बसल्या. अकराच्या अकरा पोरांना त्या दिवशी पट्टी लागली. महिन्यानं दुसरी लावायला सिस्टर परत गेल्या तेव्हा कवितानं त्यांना बसायला पोतं टाकलं. अकरांपैकी दोघांच्या शीत विषाणू सापडला होता, पण पाय कोणाचाच गेला नाही. अर्हमचा विषाणू सहा आठवड्यांत आपोआप निघून गेला.

*

श्रेणिकला पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या वेगळ्या इमारतीत ठेवलं होतं. तिथलं सांडपाणी उकळूनच बाहेर सोडत. भेटायला जाता यायचं, पण त्यानं कळवलं होतं की आईनं येऊ नये. सिस्टर रोज रेहानांना विचारायच्या, त्या मोजकं सांगायच्या. एक गोळी विषाणूचं टरफल उघडू देत नव्हती, दुसरी त्याला नक्कल काढू देत नव्हती. यकृताचे आकडे थोडे चढले, मग उतरले.

तीन आठवड्यांनी एका सकाळी श्रेणिकचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"डॉक्टर माझी जुनी हकीकत लिहून घेतायत. पहिला न्यूमोनिया कधी झाला मला?"

"तू चौदा महिन्यांचा होतास. डाव्या बाजूला."

"दुसरा?"

"दोन वर्षं पुरी झाली त्याच आठवड्यात. वाढदिवसाला आणलेला केक शेजाऱ्यांना दिला."

"तुम्हाला आधी जुलाब व्हायचे का, असं विचारतायत. म्हणजे मला."

"व्हायचे. तिसऱ्या वर्षापासून. मी कपडे उकळून काढायची म्हणून मला काही झालं नाही वाटतं."

तो विचारत गेला, त्या सांगत गेल्या. कुठलं औषध, किती दिवस, ताप किती. एकही कागद समोर नव्हता. तासभर चाललं. शेवटी श्रेणिक म्हणाला, "डॉक्टर म्हणतायत, आईलाच घेऊन या, फाइल नको." तो हसला असावा. सिस्टरांनी तोंडावर हात दाबून धरला.

पुढच्या गुरुवारी त्या पुण्याला गेल्या.

पहिल्या खेपेला औषधानं विषाणू दोन आठवडे गायब झाला आणि पुन्हा उगवला. त्या दिवशी श्रेणिक जेवला नाही. दुसऱ्या खेपेला गोळ्यांबरोबर प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडं प्यायला दिली, थेट आतड्यात पोचणारी. चव गंजलेल्या खिळ्यासारखी, असं तो म्हणायचा. दिवसातून चार वेळा, सत्तर दिवस. तेजल सुरुवातीला रोज फोन करायची, मग आठवड्यातून दोनदा. जूनमध्ये तिनं सांगितलं की घरचे ऐकत नाहीत आणि तिलाही धीर होत नाही. खोटं बोलली नाही ती, श्रेणिक आईला म्हणाला, आणि यावर पुन्हा बोलायचं नाही असंही म्हणाला.

ऑगस्टमध्ये विषाणू गेला. एका आठवड्याचा नमुना कोरा आला, दुसऱ्याचा आला, तिसऱ्याचाही आला. सहा महिने वाट बघितली. मग श्रेणिक घरी आला, तरी इचलकरंजीच्या बोळातला डबा गप्पच राहिला.

*

पुढच्या मार्चमध्ये रेहाना घरी आल्या. या वेळी त्यांनी पडदा उलगडला नाही. राज्यातल्या रुग्णालयांतून प्रतिपिंडं न बनणाऱ्या मुलांना निरोप गेले होते: शी तपासून घ्या, आता औषध आहे. फार थोड्यांनी उत्तर दिलं होतं. लोक घाबरत होते. गावात कळलं तर शाळेतून काढतील, लग्न जमणार नाही.

"तुम्ही दोघं बोललात तर," रेहाना म्हणाल्या, आणि पुढचं त्यांनी अर्धवटच सोडलं.

"कुठून सुरू करायचं?" श्रेणिकनं विचारलं.

बार्शीपासून सुरू झालं. अश्विनी नावाची बाई, शिवणकाम करायची. तिची मुलगी स्वरा, नऊ वर्षांची. थेंब बंद होण्याच्या अगदी आधीच्या खेपेतली, एक आणि तीन नंबरचे घेतलेली. तिलाही तीन आठवड्यांनी बाटली लागायची. अश्विनीनं दोघांना आत घेतलं, पाणी दिलं, पण दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"माझ्या पोरीला काही नाही. मी तपासणार नाही. निघालं काही तर मी काय करू? मीच घेऊन गेले होते तिला डोसाला. सासू नको म्हणत होती, भांडून घेऊन गेले." तिचे डोळे भरले. मग तिनं सिस्टरांना सोडून एकदम श्रेणिकला विचारलं, "तुम्हाला आईचा राग नाही आला?"

सिस्टरांनी मान खाली घातली. हा प्रश्न त्यांनी मुलाला कधी विचारला नव्हता.

"आला," श्रेणिक म्हणाला. "तीन आठवडे बोललो नाही मी तिच्याशी."

अश्विनीचा चेहरा पडला.

"पण थेंबांचा नाही आला, ताई. तो डोस नसता तर आमच्या गावात किती पोरं लंगडत असती. तिला कळल्यावरही तिनं माझ्यापासून लपवलं, त्याचा आला. तुम्ही अजून काही लपवलेलं नाही. म्हणून आत्ता आलो, रुग्णालयाच्या दुसऱ्या निरोपाची वाट न बघता."

बाहेर पायऱ्यांवर चपला वाजल्या. स्वरा शाळेतून आली होती. दप्तर टाकून ती दारात थबकली आणि पाहुण्यांकडं बघू लागली.

अश्विनीनं पदरानं डोळे पुसले. "कशात द्यायची असते?" तिनं सिस्टरांना विचारलं.

सिस्टरांनी पिशवीतून झाकणाची डबी काढली आणि तिच्यावर स्वराचं नाव स्वच्छ अक्षरात लिहायला घेतलं.